एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे

'एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सर, लगेच पिशवी काढून टाका' असा मेसेज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महिलांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

एचपीव्हीची तपासणी कॅन्सर शोधतच नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा धोक्याचा प्रकार आहे का, एवढंच ती सांगते. बहुतेकींचा संसर्ग 1-2 वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला सहसा 15-20 वर्षं लागतात.

रिपोर्टात 'पॉझिटिव्ह'च्या पुढचा प्रकार वाचा. 16 किंवा 18 असेल तर कोल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड भिंगातून मोठं करून पाहणं) करायची, कारण गर्भाशयाच्या तोंडाचे सुमारे 70 टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात. डॉक्टर तिथे पातळ अॅसेटिक अॅसिड लावतात, मिनिटभरात संशयाचा भाग पांढरा दिसतो, आणि तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला जातो. इतर प्रकार असेल तर आधी पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी). ती ठीक आली तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही. दोन महिन्यांत दुसऱ्या लॅबकडे धावणं म्हणजे पैसे पाण्यात, तेवढ्यात विषाणू जात नाही.

आणि मुंबईला असलेल्या चाकरमानी नवऱ्याशी भांडू नका. विषाणू शरीरसंबंधातून येतो खरा, पण वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी, कुणाकडून आला हे रिपोर्ट सांगत नाही.

निगेटिव्ह असेल तर पुढची तपासणी 5 वर्षांनी, लस घेतलेली असली तरी. मात्र संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका, लगेच दाखवा.