डिस्क स्वस्त झाली, पण डेटा आपोआप नीट लागत नाही

‘सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचणं, स्वस्त झालं, डिस्क त्याहून स्वस्त. सगळा जीवशास्त्रीय डेटा क्लाउडवर टाका, जगाला खुला करा. तो नीट लावायचं काम एआय करेल.’ अशा आशयाचा दावा सध्या बराच फिरतो, आणि पुरावा म्हणून आल्फाफोल्डचं नाव घेतलं जातं.

मग आल्फाफोल्डपासूनच सुरुवात करू. प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणाऱ्या या एआय प्रणालीमुळे तिचे कर्ते हसाबिस आणि जम्पर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण ती शिकली कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहावर. ही बँक 1971 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली. बँकेत येणारी रचना ठरलेल्या साच्यात बसवायची, खटकलं तर संशोधकाला परत विचारायचं, यासाठी पगारी तज्ज्ञ आहेत. पन्नास वर्षं माणसांनी निवडून-पाखडून ठेवलेल्या धान्यावर एआयने स्वयंपाक केला. हा पुरावा दाव्याच्या बाजूचा नाहीच, उलट बाजूचा आहे.

न निवडलेल्या डेटाचं काय होतं? एक्सेलमध्ये ‘सेप्ट2’ (SEPT2) हे जनुकाचं नाव टाकलं की त्याची 2 सप्टेंबर ही तारीख होते. ही अडचण 2004 मध्येच छापून आली होती. तरी 2016 च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर 2020 मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांचीच नावं बदलली. (सॉफ्टवेअर हलेना, म्हणून जनुकांनी सरकून घेतलं!) एआय हे निस्तरेल म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न: ‘मार्च1’ (MARCH1) आणि ‘मार्क1’ (MARC1) या जुन्या नावांची दोन वेगळी जनुकं, आणि दोन्हींची तारीख होते 1 मार्च. मूळ फाईल हरवली असेल, तर नुसत्या त्या रकान्यावरून यातलं कुठलं धरायचं?

फाईल शाबूत असली तरी सोबतची माहिती लागतेच. अल्झायमरशी संबंधित एपीओई जनुकातला आरएस7412 या क्रमांकाने ओळखला जाणारा बदल घ्या. मानवी जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या, 2009 च्या संदर्भ आवृत्तीत तो 19 व्या गुणसूत्रावर 4,54,12,079 या जागी आहे, तर 2013 च्या आवृत्तीत 4,49,08,822 या जागी. आवृत्ती नोंदवली नसेल तर नुसता आकडा फसवा. नमुना कुठल्या पेशींचा, कुठल्या उपकरणावर वाचला, याचंही तेच.

डिस्कच्या किमतीवर वाद घालण्यात अर्थ नाही. ती खरंच उतरली आहे.

राहिलं ‘जगाला खुला करा’. माणसांच्या जीनोमबाबत हे सरसकट चालणार नाही. नावं काढून केलेल्या एकत्रित आकडेवारीतूनही एखादी व्यक्ती त्या गटात होती की नाही हे ताडता येतं, असं 2008 मध्ये दिसलं आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने तशी आकडेवारी खुल्या वापरातून काढून घेतली. आपल्याकडे भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाचा सुमारे दहा हजार जणांचा डेटा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे. तो संशोधकांना रीतसर अर्ज करूनच मिळतो. जिवाणू, विषाणू, पिकं यांच्याबाबत मात्र खुलेपणाचा आग्रह रास्त आहे. अमेरिकेची जेनबँक, युरोपचं ईएनए आणि जपानचं डीडीबीजे हे डीएनए-डेटाचे संग्रह आपसांत डेटाची देवाणघेवाण करतात. पण तिथेही नव्या नमुन्यासाठी तो कुठल्या देशात आणि कधी गोळा केला, हे रकाने आता सक्तीचे झाले आहेत.