मोटारहोम घ्या स्वस्त, मागे गाडी जोडा मस्त

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. तुम्ही ते चाकांवर पाहणार, आणि वर त्याच्याकडून एक ट्रेलर ओढवून घेणार, ट्रेलरवर तुमची लाडकी गाडी चढवून. कल्पना उत्तमच आहे. पैसे कमी आहेत, ही तर त्याहून उत्तम गोष्ट. पैसे असते तर उगाच पर्याय समोर आले असते आणि विचार करावा लागला असता.

जुनं मोटारहोम पाहायला जाल तेव्हा सुरुवात पडद्यांपासून करा. मग गादीवर बसून पाहा, कपाटं उघडून बघा, दिवे लावा, पंखा फिरवा. ड्रायव्हरच्या बाजूला कुठेतरी एक स्टिकर असतो. त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. सामानासकट मोटारहोमचं स्वतःचं वजन किती चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. मोटारहोम आणि ट्रेलर मिळून एकूण किती चालेल हा दुसरा आकडा, तो तिथे नसला तर माहितीपुस्तकात सापडतो. या दुसऱ्या आकड्यातून भरलेल्या मोटारहोमचं खरं वजन वजा केलं की तुम्ही किती ओढू शकता ते कळतं. या एका वजाबाकीने कितीतरी सौदे मोडले आहेत. तिच्या नादी लागू नका.

त्यापेक्षा मागे जा आणि हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी जोड बघा. काळाकुट्ट, जाडजूड, आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला. तो किती वजन ओढू शकतो म्हणून त्यावर 5000 असं कोरलेलं असेल. ते पौंड असतात, म्हणजे 2268 किलो. पण तुम्ही किलो समजूनच वाचा, छाती फुगते. 3500 असेल तरी बिघडत नाही, किलोतल्या 1588 पेक्षा तो आकडा दिसायला केव्हाही भारदस्तच. आता दोन आसांचा साधा उघडा ट्रेलर रिकामाच 800 ते 1000 किलो भरतो. त्यावर 1400 किलोची गाडी, जास्तीची चाकं, जॅक, अवजारांची पेटी. बेरीज अडीच टनांच्या आसपास जाते. पण बेरीज करायला तुम्हाला सांगितलंय कोणी?

हिच ज्याला बोल्टने आवळलेला आहे, तो सांगाडा गाडीखाली सरपटत जाऊन तपासणारे काही विक्षिप्त लोक असतात. मागची झोपायची खोली लांबवण्यासाठी बऱ्याच मोटारहोमच्या मूळ चॅसिसला मागे लोखंडी तुकडे जोडून शेपटी वाढवलेली असते, आणि हिच नेमका त्या वाढवलेल्या शेपटीला लटकत असतो. हिच कितीही दणकट असो, भार शेवटी त्या जोडावर येतो. वेल्डिंगजवळ चीर आहे का, गंज किती खोल गेलाय, हे खाली गेल्यावरच दिसतं. पण कपडे खराब होतात हो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती फार गमतीची आहे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचच्या गोळ्यावर यावा लागतो. अडीच टनांचे झाले 250 ते 375 किलो, तेही मागच्या चाकांच्या बऱ्याच मागे. मागून दाबलं की पुढून उचलणार, सी-सॉसारखं. स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं होतं! लोक त्यासाठी पॉवर स्टिअरिंग शोधतात, तुम्हाला फुकटात मिळतंय. हा भार नकोसा वाटला तर ट्रेलरवरची गाडी थोडी मागे सरकवा. मग ट्रेलर डुलायला लागेल, त्याच्या मागोमाग मोटारहोम, आणि समोरून येणारेही.

निघण्यापूर्वी पाण्याची टाकी काठोकाठ भरा. 200 लिटर म्हणजे 200 किलो, पण पाण्याला कोण वजन समजतं?

टायरची नक्षी खोल असेल तर आणखी काही विचारू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, समजा 2311. याचा अर्थ 2011 सालचा 23वा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात. नक्षी नवी कोरी, कडेला बारीक भेगा. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक वाकल्याशिवाय दिसत नाही. दिसत नाही म्हणजे चांगलंच असणार.

विकणारा अभिमानाने म्हणेल, “अहो, वर्षातून दोनदाच बाहेर काढायचो!” हे ऐकून विरघळून जा. पडून राहिलेल्या गाडीचे रबरी पाइप कडक होतात, ब्रेक जागच्या जागी धरून बसतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, वायरिंगमध्ये उंदीर बिऱ्हाड थाटतात. पण किलोमीटर किती कमी! आत शिरताच लिंबाच्या फवाऱ्याचा उग्र वास आला तर खोल श्वास घ्या आणि पलंगाच्या वरचा कोपरा अंगठ्याने दाबू नका. अंगठा आत गेलाच, तर भिंतही गादीसारखी मऊ आहे म्हणून आनंद माना. छतातून झिरपलेलं पाणी आतलं लाकूड कुजवतं, आणि अशी भिंत दुरुस्त करायचा खर्च कधीकधी गाडीच्या किमतीलाच गाठतो. तेवढ्यासाठी इतका सुंदर पडदा सोडायचा?

तुम्ही पोहोचाल तेव्हा इंजिन आधीच गरम असेल. केवढं अगत्य! थंड इंजिन सुरू करताना निघणारा धूर बघायची पाळीच येत नाही. सात-साडेसात लिटरचं जुनं पेट्रोल इंजिन असेल तर भार घेऊन लिटरला तीनेक किलोमीटर धरा. चाचणी सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, दहा मिनिटं. घाट नकोच. चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाट रस्त्यासाठीचा सगळ्यात वरचा गिअर, चालू ठेवला की गिअर वरखाली नाचतात आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल करपतं, हे चढावरच कळलेलं बरं, कागदपत्रं नावावर झाल्यानंतर. उतारावर ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक उपयोगी पडतात, फक्त ते लावण्यासाठी पुढे डॅशबोर्डखाली कंट्रोलर बसवलेला असावा लागतो. तिथे चार सुट्या वायरी लोंबत असतील तर आधीचा मालक त्याशिवायच उतरला आणि अजून जिवंत आहे, एवढा पुरावा पुरे.

आणि समजा, घाटाच्या मध्यावर पुढून वाफ आलीच, तर तुमचं नियोजन किती दूरदृष्टीचं होतं ते तिथे सिद्ध होईल. मागे चालू स्थितीतली गाडी आहे. ती उतरवायची आणि सुटे भाग आणायला निघायचं. ट्रेलरवरून गाडी उतरवायचे रॅम्प तेवढे शोधा. मोटारहोमच्या मागच्या कप्प्यात ते सगळ्यात आधी ठेवले होते, म्हणजे आता सगळ्यात खाली आहेत. आणि त्या कप्प्याचं दार हिच खाली बसल्यापासून अर्धंच उघडतं.