‘ऑपरेटर बसलेला असताना फॉर्म बंद झाला’: प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची अर्धी तक्रार मान्य. तुमच्या जिनिंगमधला पोरगा शेरा लिहीत होता, कोणी काम करत नसेल तर अ‍ॅक्सेस (पावत्यांच्या नोंदी ठेवणारा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) आपोआप बंद करणाऱ्या माझ्या कोडनं त्याला रिकामा समजून ते बंद केलं आणि पावती गेली. वर तुमचा सवाल: हे टायमरचं लचांड कशाला, शेवटचं बटण कधी दाबलं ते विंडोजलाच विचारा की!

शेऱ्याचं पाप माझंच. लपवलेल्या फॉर्मचा टायमर दर ६०,००० मिलिसेकंदांनी, म्हणजे मिनिटाला, फक्त कोणता फॉर्म आणि त्यातला कोणता कंट्रोल (रकाना किंवा बटण) चालू आहे एवढंच बघतो; दोन्ही तेच राहिले की माणूस नाही असं धरतो. शेतकरी समोर भाव घासतोय, पोरगा त्याच रकान्यात थांबत थांबत ‘माल ओला, कवडी जास्त’ लिहितोय; कोडच्या लेखी तो झोपलेला. कंट्रोलच्या नावासोबत त्याचा ‘टेक्स्ट’, म्हणजे आत टाइप केलेला मजकूरही मागच्या मिनिटाशी ताडून पाहा. बटणाला टेक्स्ट नसतो, तिथली एरर गिळून टाका.

विंडोजचं मात्र पटत नाही. शेवटचं बटण किंवा माऊस कधी हलला ते सांगणारं विंडोजचं फंक्शन ‘गेटलास्टइनपुटइन्फो’ अख्ख्या सेशनचं, म्हणजे त्या लॉगिनमधल्या सगळ्या प्रोग्रामांचं मिळून सांगतं, एकट्या अ‍ॅक्सेसचं नाही. हंगामात त्याच संगणकावर एक्सेल चालतं, रात्री कोणीतरी पत्ते खेळतं. माऊस हलतोय, म्हणजे माणूस कामात! अ‍ॅक्सेस सकाळपासून उघडं, डेटाबेस वापरात असल्याची खूण असलेली लॉक फाईल तशीच, म्हणून रात्रीचं कॉम्पॅक्ट (डेटाबेसची साफसफाई) बोंबललं. उलटंही होतं बाप्पा. वजनकाट्याचं वजन कॉम पोर्टातून (काट्याची केबल जोडायची जागा) येतं, ते विंडोजच्या हिशेबात इनपुटच नाही. काट्यावर ट्रॅक्टर उभा, फॉर्मवर वजन पडतंय, आणि विंडोज म्हणतं, इथं कोणी नाही.

आता पावतीचं. ती टायमरनं नाही खाल्ली. गाडी नंबरासारखा एखादा सक्तीचा रकाना कोरा असेल, तर फॉर्म बंद करणारी आज्ञा ‘डूकमांड.क्लोज’ अर्धवट नोंद गुपचूप टाकून देते, हूं की चूं नाही. म्हणून बंद करण्याआधी ‘डर्टी’ (नोंद बदलली पण जतन झाली नाही ही खूण) फॉल्स करून, म्हणजे नोंद जतन करायला लावून बघायचं. एरर आली की बंद करणं रद्द. सबफॉर्म (फॉर्मच्या आतला फॉर्म) असेल तर त्याचं ‘डर्टी’ वेगळं तपासा, कारण आत शिरताच मुख्य फॉर्म जतन झालेला असतो आणि साळसूदपणे ‘काही बाकी नाही’ सांगतो. ही तपासणी माझ्या कोडात नव्हती, आता टाकली.

गेलेल्या पावतीचं वजन काट्याच्या छापील चिठ्ठीवर असेल. चिठ्ठ्या खिळ्याला टोचून ठेवत असाल तर आजच काढा.