खुलासा: बाहेरचे माप म्हणजे आतली जागा नव्हे

‘पेटीची लांबी, रुंदी, उंची बाहेरून मोजा, गुणाकार करा, तेवढाच माल आत मावतो’ असा संदेश फिरतोय. गुणाकार बरोबर, मापे चुकीची. फळी १ सेंमी जाड असेल तर प्रत्येक मापातून २ सेंमी वजा होतात, कारण फळ्या दोन्ही बाजूंना असतात. ४० × ३० × २० सेंमीची झाकणबंद पेटी बाहेरून २४,००० घनसेंमी भरते. आतून ३८ × २८ × १८, म्हणजे १९,१५२. पाचवा हिस्सा गायब! झाकण नसेल तर उंचीतून फक्त तळाची जाडी वजा करा. लिटर हवे असतील तर १,००० ने भागा.

त्याच संदेशात १ घनमीटर म्हणजे १०० घनसेंमी, असेही ठोकून दिलंय. १०० ला तीनदा गुणायचे असते: १०,००,००० घनसेंमी.