पैशासाठी नाही हो, फ्रान्ससाठीच!

'फॉरेन लीजनवाले म्हणजे जो पैसे देईल त्याच्यासाठी लढणारे' हे एका लेखात वाचलेलं वाक्य अजिबात पटलं नाही बुवा. अहो, लीजन म्हणजे परदेशी लोकांना भरती करणारं दल, पण ते १८३१ पासून फ्रान्सच्या सैन्याचाच भाग आहे, पगार सरकारी, पहिला करारच ५ वर्षांचा, मधेच कुणी जास्त पैसे दिले म्हणून उठून चालायला लागलात तर सरळ पळपुटा ठरता. आणि नागरिकत्व काय फुकट वाटतात का, ३ वर्षं काढल्यावर नुसता अर्ज करता येतो. लढाईत जखमी झाला तर मात्र सांडलेल्या रक्तावर नागरिकत्व मागायचा हक्क आहे, हे लेखात यायलाच हवं होतं.

पॅरिसला १४ जुलैची, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाची परेड मी रस्त्याकडेला उभं राहून बघितलीय. बाकीच्या तुकड्या मिनिटाला १२० पावलं टाकत भराभर जातात, हे लीजनवाले आपले ८८ वर, निवांत. पुढे दाढीवाले, चामड्याचा एप्रन, खांद्यावर कुऱ्हाड (पहिल्यांदा बघणारा हसतोच). टाळ्या मात्र सगळ्यात जास्त त्यांनाच पडत होत्या, आणि वाजवणारे फ्रेंचच होते. भाड्याने आणलेल्यांसाठी कोण एवढ्या टाळ्या वाजवतं?