लायब्ररी लिहा, पण कोणाला बसवू देऊ नका

लहान कॉम्प्युटरसाठी ओपन सोर्स ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे पडद्यावर चित्र काढून देणारा तयार कोड, लिहिलीत, आधी अभिनंदन. चौकोन फिरतो, रंग बदलतो, व्हिडिओ टाकून झाला, टाळ्या पडल्या. आता धोका एकच: कोणीतरी ती खरंच वापरायला घेईल. असे रिकामटेकडे नागपुरात आहेत. मी त्यातलाच. मे महिन्यात एका शाळेच्या वर्गात कूलर लावून, जमवलेल्या जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरांवर पोरांना खेळ बनवायला शिकवतो. यंदा एक नवी लायब्ररी घेतली. उन्हाळा सरत आला, पोरांचा पहिला चौकोन अजून पडद्यावर यायचा आहे. त्या लायब्ररीच्या लेखकाकडून जे शिकलो, ते होतकरू लेखकांसाठी इथे देतो.

पहिली गोष्ट, पॅकेज, म्हणजे एका हुकमात बसणारी तयार फाइल, करूच नका. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ म्हटलं आणि झालं, असं व्हायला लागलं तर तुमच्या कष्टांची किंमत काय राहिली? रीडमीमध्ये, म्हणजे सूचनांच्या फाइलमध्ये लिहा, ‘सोर्समधून बिल्ड करा, अगदी सोपं आहे.’ म्हणजे जेवायला बोलवायचं आणि येताना डाळ, तांदूळ, सरपण घेऊन या म्हणायचं. पाय झिरो या लहान मॉडेलला रॅम ५१२ एमबी. तुमची सी++ची टेम्प्लेट्स अर्ध्यावर आली की रॅम संपते आणि लिनक्सच कंपाइलरला, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्यालाच, मारून टाकतं. झिरोपेक्षा मोठा पाय असला, तर बाहेर पंचेचाळीसचा पारा आहेच. पाय ४ आतून ८० अंशांना पोचला की आपला वेग आपणच कमी करतो. तेवढ्यात लाइट जाते. त्यापुढे मेमरी कार्डाचं काय होतं, ते नागपूरकरांना सांगायला नको.

बिल्ड चालू असतानाच बाकीच्या लायब्रऱ्या इंटरनेटवरून ओढा. सीमेक या बिल्डच्या साधनात त्याची सोय आहे. डेबियन या लिनक्सच्या नियमावलीत मुख्य भांडारातल्या पॅकेजला बिल्डच्या वेळी नेटवर्कला हात लावायची मनाई आहे, म्हणजे कोणी भला माणूस तुमचं पॅकेज करायला पुढे आलाच, तर तोही इथेच अडकेल. आणि शाळेचं इंटरनेट म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट.

लायसन्सची फाइल टाकू नका. टाकलीच तर ‘फक्त चांगल्या कामासाठी वापरावे’ असं एक वाक्य घुसवा. जेसन लायसन्समध्ये असंच एक वाक्य होतं, डेबियनवाल्यांनी त्याला मुक्त मानलंच नाही.

लायब्ररी कुठे बसली आहे हे बाकीच्या बिल्डना सांगणाऱ्या पीसी फाइलमध्ये स्वतःच्या होम फोल्डरचा पत्ता ठेवा.

पायथनची बाजू असेल, तर ‘पिप’ या पायथनच्या इन्स्टॉलरवर सोडा. डेबियन १२पासून पिप सरळ नकार देतं, हे एन्व्हायर्नमेंट दुसऱ्याच्या ताब्यात आहे म्हणतं. त्यावर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेससाठी वेगळा कोपरा, कसं करायचं, हे चार ओळींत सांगण्याच्या फंदात पडू नका. ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय लावा, असं ठळक अक्षरात लिहा. सिस्टीम मोडेल असं त्या पर्यायाच्या नावातच लिहिलंय, त्यामुळे पुढे जे होईल त्याला तुम्ही जबाबदार नाही.

अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या शेअर्ड लायब्ररीला एक सो-नेम असतं, त्यात एक आकडा असतो; जुन्या प्रोग्रामना न चालणारा बदल केला की तो वाढवायचा असतो. स्ट्रक्चरच्या मधोमध नवं फील्ड खुपसा आणि आकडा तोच राहू द्या. जुने प्रोग्राम न कुरकुरता सुरू होतील आणि गोल भलत्याच कोपऱ्यात काढतील.

पडद्यावर चित्र काढण्यासाठी ओपनजीएल या ग्राफिक्सच्या मानकाची ३.३ आवृत्ती मागा. त्याहून खाली उतरू नका. पाय ३पर्यंतच्या सगळ्या पायवर ओपनजीएलची लहान यंत्रांसाठीची आवृत्ती, ईएस २.० आहे, पाय ४वर ईएस ३.१, डेस्कटॉपचं ओपनजीएल तिथे ३.१च्या वर जात नाही. म्हणजे ‘लहान कॉम्प्युटरसाठी’ असं पाटीवर लिहिलेली तुमची लायब्ररी नेमकी लहान कॉम्प्युटरवर विंडोसुद्धा उघडणार नाही. रेलिब या ग्राफिक्स लायब्ररीवाल्यांसारखं करू नका. रॅमन सान्तामारिया यांनी २०१३मध्ये ती विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून सुरू केली, तिच्या उदाहरणांत ईएस २साठी शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम) वेगळे, ३.३साठी वेगळे. एवढी मेहनत कोण घेतं?

आता समजा, लोकांनी फारच गळ घातली आणि पॅकेज करणं भागच पडलं. तर मग चुकीचं करा, आणि चुकलंय हे बसवताना कळू देऊ नका. याची युक्ती मला यंदाच कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डेबियनच्या आर्मएचएफ या ३२ बिटच्या आवृत्तीला किमान एआरएमव्ही७ प्रोसेसर लागतो. पहिला पाय आणि पाय झिरो, दोन्ही त्याआधीच्या पिढीचे, एआरएमव्ही६. म्हणून तर पायसाठीचं डेबियन बनवणाऱ्या रास्पबियनवाल्यांनी २०१२मध्ये अख्खं डेबियन व्ही६साठी पुन्हा कंपाइल केलं. पण पॅकेजवर नाव दोन्हीकडे एकच, आर्मएचएफ. तेव्हा तुम्ही साध्या डेबियनच्या कंटेनरमध्ये डेब फाइल बनवा आणि ‘सर्व पायसाठी’ म्हणून सोडून द्या. पॅकेज बसवणारं डीपीकेजी नाव बघतं, हो म्हणतं. डिपेंडन्सी जुळतात. इन्स्टॉल झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रोग्राम चालवला की दोनच शब्द येतात: इल्लिगल इन्स्ट्रक्शन. पुढे ना ओळ, ना फाइल, ना कारण. सातवीतली पोरगी विचारते, “सर, म्या काही इल्लिगल केलं का?” नाही बाई, तू नाही केलं. ज्यानं केलं तो त्याच्या एसीत बसून आहे!

बरं, झिरो जुना झाला, बाजूला ठेवू म्हटलं. ६४ बिटची फाइल घेतली, पाय ४ काढला. तिथेही तेच दोन शब्द. काहून? तर महाशयांनी सीमेकमध्ये ‘मार्च नेटिव्ह’ लावून ठेवलेलं आणि बिल्ड केलं पाय ५वर. पाय ५चा कॉर्टेक्स ए७६ म्हणजे एआरएमव्ही८.२. पाय ४चा ए७२ आणि पाय ३चा ए५३, दोन्ही साधे व्ही८.०. ‘मार्च नेटिव्ह’ म्हणजे ‘ज्या मशीनवर बसलोय त्याच मशीनसाठी बनव’. स्वतःच्या टेबलावर खुशाल लावा, कोण अडवतं? पण जी फाइल जगाला वाटणार, त्यात? प्रोसेसरच्या ‘ॲटॉमिक’ प्रकारच्या नव्या सूचना कंपाइलरने कुठेतरी आत टाकल्या, त्या जुन्या चिपला माहीतच नाहीत, आणि ते शोधायला मी रात्री डीबगर लावून असेंब्ली वाचत बसलो. वर्ग होता चौकोन काढण्याचा! एक शब्द राजेहो, बिल्डच्या फाइलमधला एक शब्द काढायचा होता.

हे सगळं नीट लिहून लेखकाला इश्यू, म्हणजे तक्रार, टाकून कळवलं. कोणता पाय, कोणती सिस्टीम, कोणत्या सूचनेवर मेलं, तेही. उत्तर आलं, ‘माझ्याकडे चालतं.’ आणि इश्यू बंद.

तुमच्याकडे चालतं, हे माहीत आहे हो. तुमच्याकडे चाललं नसतं तर व्हिडिओ कुठून आला असता? पाटी लावताना ‘लहान कॉम्प्युटरसाठी’, ‘शाळांसाठी’, ‘मुलांसाठी’ हे शब्द तुम्हीच निवडले ना? मी तर नाही लिहिले. मग ज्या शाळेत पाय ५ नाही, इंटरनेट धड नाही, दुपारी लाइट नाही, ती शाळा त्या पाटीत येते की नाही? फुकट देतो म्हणून काहीही दिलेलं चालतं, हे डोक्यातून काढा. फुकटची लायब्ररी न चालल्यामुळे ज्या पोरांची सुट्टी गेली, ती फुकट नव्हती. एक शिक्षक नवीन काही वर्गात आणायची हिंमत करतो, पहिल्याच दिवशी पोरांसमोर तोंडावर पडतो, आणि पुढच्या वर्षी मुकाट्याने टायपिंग शिकवतो. हे तुम्हाला दिसत नाही, कारण असा माणूस तक्रारसुद्धा करत नाही.

पॅकेजिंगचं काम कंटाळवाणं आहे, मान्य. त्याचा व्हिडिओ होत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. नसेल जमत तर सांगा, करणारे लोक आहेत. मी करतो. पण मग लायसन्स टाका, सो-नेमचा आकडा नियमाने वाढवा, बिल्डमधून इंटरनेट काढा आणि आलेली दुरुस्ती महिनोन्महिने लोंबकळत ठेवू नका. २०१५ साली पाच डॉलरला आलेला पाय झिरो कोणाच्या तरी खणात पडलेला असतोच. तो मागून आणा, कोरं कार्ड टाका, आणि तुमचाच रीडमी पहिल्या ओळीपासून, स्वतःच्या मशीनवरून काहीही उसनं न घेता, चालवून बघा. चाललं तरच ‘सर्व पायसाठी’ लिहा. नाही चाललं तर ‘फक्त पाय ५’ लिहा, तेवढं तरी खरं लिहा. आणि तो बंद केलेला इश्यू आधी उघडा.