कागद नाशिकचे, नोकरी मात्र लांब कुठंतरी

11 महिन्यांच्या कंत्राटावर माणसाला दुसऱ्या शहरात बोलवणं बंद व्हायला पाहिजे, आर्काइव्हजच्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपायच्या कामात तर नक्कीच. हे बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितेय.

या लाइनमधल्या जाहिराती मी रोज बघते. प्रोजेक्ट असिस्टंट, डिजिटायझेशन असिस्टंट, कालावधी 11 महिने, काम बघून मुदतवाढ. कायमचं पद दिसलं तर ती जाहिरात लगेच दहा ग्रुपवर फिरते. आणि ठिकाण कुठलं तर मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू. आता नाशिकहून निघायचं म्हणजे डिपॉझिट, ब्रोकर, सामानाचा टेम्पो, मेसचा अॅडव्हान्स आणि हे सगळं पहिला पगार हातात यायच्या आधी. रूमचा करार 11 महिन्यांचा, नोकरीचा पण 11 महिन्यांचा, दोन्ही एकदमच संपतात. मुंबई असेल तर लोक सहज म्हणतात पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढ आणि अप-डाऊन कर. करणारे करतात, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण दिवसाचे सात-आठ तास प्रवासात घालवून वर बारीक मोडी अक्षर वाचायचं, किती दिवस जमणार?

क्षेत्र लहान आहे हे मान्य. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य दप्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुण्याला पेशवे दप्तर, मग कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार, ते तर 1891 पासूनचं, तेव्हा कलकत्त्यात होतं. मी डिप्लोमा त्यांच्याच स्कूलमधून केला. सरकारी सोडलं तर टाटा सेंट्रल आर्काइव्हज आणि रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात, गोदरेजचं विक्रोळीला, एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचं बंगळुरूत. बाहेर जावंच लागणार आणि जायला माझी ना नाहीये, पण मग तिथं टिकून काम करायची सोय तरी पाहिजे ना.

कारण या कामाला वेळच लागतो. एक रुमाल उघडून बघा म्हणजे कळेल. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेलं चौकोनी फडकं. गाठ सोडली की आधी धूळ, मग कसरीनं खाल्लेल्या कडा, काही ठिकाणी शाईनंच कागद खाल्लेला, अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक. मऊ ब्रशनं एकेक पान साफ करायचं, पण पानांचा क्रम हलवायचा नाही, कारण कुठला कागद कुणाच्या शेजारी होता ही सुद्धा माहितीच असते. वरच्या चिठ्ठीवर एक परगणा आणि आत निघतो दुसराच. हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं, हाताळणाऱ्याच्या डोक्यात बसतं. वर्षभर काम केलेलं माणूस नुकतं कुठं दप्तर ओळखायला लागलेलं असतं आणि तेवढ्यात कंत्राट संपतं, मग नवीन माणूस येतं आणि पहिल्या गाठीपासून सुरुवात. यात नोकरी करणाऱ्याचं नुकसान आहेच, पण संस्थेचं त्याहून जास्त आहे आणि तिथं बसलेल्यांना ते दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा आठवतंय ना काय झालं? जिल्ह्याजिल्ह्यातल्या रेकॉर्ड रूम उघडल्या, कोतवाल बुकं, गाव नमुना 14 (या दोन्ही गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी), शाळांची जनरल रजिस्टरं बाहेर निघाली आणि सगळीकडं एकच हाक, मोडी वाचणारा पाहिजे. माणसांची शिक्षणं, नोकऱ्या अशा एकेका नोंदीवर अडलेल्या होत्या. पण माझ्या ओळखीत तरी कुणाला त्यातून कायमची नोकरी लागली नाही.

नाशिकला काम नाही असं मला कुणी सांगू नये. सार्वजनिक वाचनालय 1840 चं, त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडं वंशावळीच्या वह्या पिढ्यान्पिढ्यांच्या. कलेक्टर जॅक्सनचा वध 1909 चा इथला, काळाराम सत्याग्रह 1930 चा इथला, पण त्यांच्या सरकारी फायली बघायला मुंबई गाठावी लागते. 2027 च्या कुंभाची एवढी कामं चाललीत, नकाशे, टेंडरं, गर्दीचे प्लॅन, भूसंपादनाच्या फायली, पुढच्या कुंभाला हेच कागद लागणार आहेत. ते लावून ठेवायला एक शिकलेला अभिलेखपाल नेमा, एकच, पण कायमचा. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा कायदा 2005 चा आहे, म्हणजे कागद सांभाळणं ही कुणाची हौस नाही, सरकारी कर्तव्य आहे.

जे आत्ता अर्ज करतायत त्यांना एवढंच सांगेन की जॉइन व्हायच्या आधी लाजू नका, विचारा. पद मंजूर आहे का फक्त प्रोजेक्टचं, पगार संस्था देणार का एजन्सी, पीएफ कापणार का, यायचा आणि सामान हलवायचा खर्च कोण देणार, मुदतवाढ किती दिवस आधी कळवणार. आणि रोजचं काम नक्की काय? दिवसभर नुसतं स्कॅनरवर पानं ठेवायची असतील तर सूची करायला आणि मोडी वाचायला कधी मिळणार ते आधीच बोलून घ्या. घरचे म्हणतील एवढं विचारलंस तर घेणार नाहीत. जी संस्था एवढ्या प्रश्नांवर बिथरते तिच्यासाठी बिऱ्हाड हलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मी स्वतः बाहेरच्या एका जागेसाठी अर्ज केलाय आणि हेच सगळे प्रश्न मेलवर पाठवलेत. उत्तर आलं की संस्थेचं नाव न घेता खाली कमेंटमध्ये टाकते. तोवर कुणाला नाशिक, धुळे, नगर साइडची एखादी जागा कळली तर टॅग करा, माझ्याबरोबर शिकलेले बरेच जण अजून शोधतायत.